शेगावचा गहू आणि केसांच्या गोळ्या

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, मग केस हातात यायला लागायचे. कंगव्याचीही गरज नव्हती. नुसती बट धरून हलकं ओढलं की पुंजका बाहेर. तीन-चार दिवसांत डोकं तुळतुळीत. यात म्हातारी माणसं होती, शाळकरी पोरं होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. जानेवारीत बातमी राज्यभर पसरली. शरमेनं कुणी उरलेले केसही काढून टाकले, कुणी कॉलेजला जाणं बंद केलं, ठरलेली लग्नं मोडल्याचंही ऐकू आलं.

पहिला संशय पाण्यावर गेला आणि त्यात नवल नव्हतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. जमिनीतलं पाणी मुळातच खारट. नमुने तपासले तर नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. मग कुणी बुरशी म्हणालं, कुणी शाम्पूला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पथकं गावात येऊन नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांचा अभ्यास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. १८ गावांतल्या २७९ लोकांचे केस गेले होते. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं. जस्त मात्र कमी होतं. डॉ. बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्यांनी तपासलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं आणि गहू धुतल्यावरही त्यात फारसा फरक पडत नव्हता.

सेलेनियम हे नाव तुम्ही आधी कुठं वाचलं असेल, तर बहुधा केसांच्या गोळ्यांच्या डबीवर. बायोटिन, झिंक, सेलेनियम. हे त्रिकूट जवळजवळ प्रत्येक डबीवर असतं. ज्या मूलद्रव्यानं शेगावात केस गेले असं एक डॉक्टर सांगतो, तेच केस वाचवायला विकत घ्या असं माझा फोन मला रोज सांगतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे शोधताना मी जे वाचलं ते इथं मांडतो आहे.

मी कामठीचा. वय अठ्ठावीस. रोज ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो धरून खापरीला उतरतो आणि मिहानमधल्या एका कंपनीत कोड लिहितो. आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांच्या ड्रॉवरमध्ये केसांच्या गोळ्या किंवा गमीज आहेत. स्थळं पाहणं सुरू झालंय आणि बायोडेटावर कोणता फोटो टाकायचा यावर घरोघरी चर्चा आहेत. माझीही कपाळावरची रेघ दोन्ही बाजूंनी मागं सरकते आहे. तरी मला हा विषय नीट वाचावा लागला तो आईमुळे. तिच्याकडे पुढं येतो. आधी शब्दांकडे.

एक दुखणं, चार शब्द

मराठीत या सगळ्याला एकच शब्द नाही, आणि ते फार बरं आहे. बाळंतपणानंतर किंवा तापातून उठल्यावर केस गळतात. डोक्यात रुपयाएवढा गोल, गुळगुळीत ठिपका उमटला की चाई पडली म्हणतात. वय झालेल्या बाईचे केस विरळ होतात. पुरुषाला टक्कल पडतं. आपल्या आज्यांनी हे शब्द वेगळे ठेवले होते आणि आजचं त्वचाशास्त्रही ही दुखणी वेगळीच मानतं. चाई म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी केसांच्या मुळांवरच केलेला हल्ला. त्याचा वयाशी किंवा आहाराशी थेट संबंध नाही. जाहिरातींत मात्र या चारही शब्दांचा एकच शब्द झाला आहे, ‘हेअरफॉल’. एक शब्द झाला की एक डबी पुरते.

फरक समजायला केसाचं वेळापत्रक माहीत हवं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तो सुमारे तीन महिने नुसता मुळात अडकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे निरोगी डोक्याचंच लक्षण आहे.

डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून घटवलेलं वजन, असा एखादा धक्का बसला की शरीर खूप केसांना एकदमच सुट्टीवर पाठवतं. ते केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. माणूस घाबरून तेल, गोळ्या, कांद्याचा रस, जे मिळेल ते सुरू करतो. आता खरी गंमत. धक्का एकदाचाच असेल तर हे केस पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप परत येतात. श्रेय अर्थातच त्या तेलाला किंवा गोळीला. ‘मला फरक पडला’ असं पाच चांदण्या देऊन लिहिणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना फरक पडलेलाच असतो. फक्त गोळी घेतली नसती तरी तो पडला असता.

वयाचं प्रकरण वेगळं आहे. तिथं केस गळण्यापेक्षा लहान होत जातो. मूळ जिवंत असतं, पण दर फेरीला केस वाढण्याचा काळ कमी होतो आणि केस आधीपेक्षा बारीक येतो. अशा काही फेऱ्यांनंतर तिथं नुसती लव उरते.

कमतरतेचा इतिहास

केसांच्या गोळ्यांमागे एक खरा इतिहास आहे आणि तो कमतरतेचा आहे.

१९२७ मध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेनं उंदरांना प्रथिनासाठी फक्त कच्च्या अंड्याचा पांढरा भाग दिला. त्यांची कातडी सोलवटली, केस गेले. तेच अंडं उकडून दिलं की काही होत नसे. हंगेरीत जन्मलेल्या पॉल ग्यॉर्गी यांनी या दुखण्यापासून वाचवणाऱ्या अज्ञात घटकाला ‘व्हिटॅमिन एच’ असं नाव दिलं. जर्मनमध्ये केसाला ‘हार’ आणि त्वचेला ‘हाउट’ म्हणतात, तो हा एच. पुढं कळलं की कच्च्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन बायोटिनला घट्ट धरून ठेवतं आणि शरीराला ते मिळू देत नाही. १९३६ मध्ये क्योगल आणि ट्योनिस यांनी बायोटिन पहिल्यांदा वेगळं काढलं. सुमारे २५० किलो वाळवलेल्या बदकाच्या अंड्यांच्या बलकातून त्यांना जेमतेम १.१ मिलिग्रॅम मिळालं.

आज ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम. त्या अडीचशे किलो बलकातून निघालं त्याच्या नऊपट, एका गोळीत. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते अंडी, शेंगदाणे, डाळी, दूध यांतून मिळून जातं. ज्यांना खरोखर बायोटिन कमी पडतं ते लोक थोडे असतात. काही जन्मजात विकार असलेली मुलं, फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारे, कच्ची अंडी सतत खाणारे. २०१७ मध्ये केस-नखांसाठी बायोटिन दिलेल्या रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदींचा एक आढावा निघाला. सुधारणा झालेल्या फक्त १८ नोंदी सापडल्या आणि त्या अठराही जणांना मुळात काहीतरी आजार होता.

जस्ताची गोष्टही अशीच. बिहारमध्ये बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५०च्या दशकाच्या शेवटी इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथं वाढ खुंटलेले तरुण त्यांनी पाहिले आणि माणसालाही जस्त कमी पडू शकतं हे जगाला दाखवलं. त्याआधी हे कुणी मानत नव्हतं. पुढं १९७०च्या दशकात, जन्मजात दोषामुळे जस्त शोषलं न जाणाऱ्या बाळांना जस्त दिल्यावर त्यांची कातडी बरी झाली, केस परत आले.

लोहाची कमतरता तर आपल्या घराघरांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. अशा बाईचे केस गळत असतील तर लोहाची गोळी हा खरा उपचार आहे. रक्तातलं फेरिटिन तपासलं की शरीरातला लोहाचा साठा कळतो.

म्हणजे पोषण आणि केसांचं नातं थोतांड नाही. जिथं कमी होतं तिथं भरून दिलं आणि केस आले, हे सिद्ध झालेलं आहे. पुढचं वाक्य मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही. ज्याला कमी नाही त्याला जास्त दिलं तर जास्त केस येतील, हे ते वाक्य. डबीवर विकलं जातं ते हेच.

वयाचा इतिहास

टकलाचा इतिहास दुसऱ्याच वाटेनं गेला. त्या वाटेवर जीवनसत्त्वं भेटतच नाहीत.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत खालित्याचं वर्णन आहे. पित्त वातासह केसाच्या मुळाशी जाऊन केस पाडतं आणि मग कफ रक्तासह ते छिद्र बंद करतो, म्हणून तिथं दुसरा केस उगवत नाही, अशी मांडणी. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक निरीक्षण आहे की वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. हे वाक्य दोन हजारांहून जास्त वर्षं तसंच पडून होतं. वाचलं सगळ्यांनी, कारण कुणी शोधलं नाही.

१९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं ते शोधलं. लहान वयातच ज्यांचे वृषण काढले गेले होते किंवा निकामी झाले होते अशा पुरुषांचा त्यानं अभ्यास केला. त्यांना टक्कल नव्हतं. काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागं सरकू लागले. टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर सरकणं थांबलं, पण गेलेले केस आले नाहीत. हॅमिल्टननं सांगितलेल्या तीन गोष्टी आजही टिकून आहेत. संप्रेरक हवं, वारसा हवा आणि वेळ हवा.

दुसरा धागा न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्रिक यांचा. त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढच्या टकलावर लावले आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापले. लावलेले केस पुढं येऊनही मागच्यासारखेच वाढत राहिले. आजच्या सगळ्या हेअर ट्रान्सप्लांटचा पाया हाच. मला मात्र यात गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. टकलावर रक्त किंवा पोषण कमी पडत असतं, तर तिथं लावलेला केसही सुकला असता. तो सुकत नाही. कपाळावर, मानेवर आणि हनुवटीवर तेच रक्त जातं, त्याच रक्तात तेच जस्त आणि तेच बायोटिन असतं. तरी कपाळावरचा केस बारीक होतो, मानेवरचा जसाच्या तसा राहतो आणि दाढी आणखी दाट येते. फरक मुळांचा आहे. काही मुळं त्या संप्रेरकाला दबतात, काही नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, कोडमध्ये चूक असताना सर्व्हरची मेमरी वाढवत बसण्यासारखं आहे हे.

तिसरा धागा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावचा. तिथं जन्माला मुली वाटणारी काही मुलं वयात येताना मुलगे होत. ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचं कारण छापलं. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारं एन्झाइम त्यांच्यात नीट काम करत नव्हतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरची रेघ मागं जात नसे. त्यातून फिनास्टेराइड हे औषध निघालं. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये, पाचव्या हिश्श्याच्या मात्रेत, पुरुषांच्या टकलासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मिनॉक्सिडिलची कथा आणखी सरळ. ते होतं रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथं केस यायला लागले. दुष्परिणामाचंच औषध झालं आणि १९८८ मध्ये ते डोक्यावर लावायला मंजूर झालं, बायकांसाठी १९९१ मध्ये.

वयाच्या केसांवर भक्कम पुरावा असलेली औषधं म्हणून आजही मुख्यतः हीच दोन नावं येतात. दोन्हींना मर्यादा आहेत. पाच-सहा महिने वाट पाहावी लागते. मिनॉक्सिडिलनं पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात. थांबवलं की मिळवलेलं जातं. फिनास्टेराइडचे काहींना लैंगिक दुष्परिणाम होतात आणि गरोदर होऊ शकणाऱ्या बाईनं ते घ्यायचं नसतं. म्हणून ही औषधं त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावीत.

आता डबीकडे परत पाहा. आजार वयाच्या इतिहासातला आहे आणि उपाय कमतरतेच्या इतिहासातून उचलला आहे. दोन्ही इतिहास खरे, म्हणून त्यांची बेरीजही खरी वाटते.

जास्त झालं तर

‘फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. इथं सेलेनियमचा इतिहास कामाला येतो.

१८५६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का प्रदेशात फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. कामठीसारखीच, नदीकाठची. तिथल्या लष्करी डॉक्टरनं नोंद केली की आसपासच्या कुरणात चरणाऱ्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडतायत, खूर निखळतायत. त्या भागातले लोक पुढं या रोगाला ‘अल्कली डिसीज’ म्हणू लागले, कारण त्यांचा संशय खारट पाण्यावर होता. १९३०च्या दशकात संशोधकांनी दाखवलं की दोष पाण्यात नसून चाऱ्यात आणि धान्यात होता. जमिनीतलं सेलेनियम पिकांत उतरत होतं. खारपाण पट्ट्यात पाण्यावर संशय आणि धान्यात सेलेनियम, ही शेगावची गोष्ट जणू आधी एकदा घडून गेली होती.

चीनमध्ये तर दोन्ही टोकं सापडली. ईशान्येकडच्या केशान परगण्यात जमिनीत सेलेनियम इतकं कमी की लहान मुलांची आणि तरुण बायकांची हृदयं निकामी होत. त्या आजाराला केशान रोग असंच नाव पडलं. दुसरीकडे हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गावंच्या गावं केस आणि नखं गमावत होती. तिथं सेलेनियम अति होतं. एकच मूलद्रव्य, कमी पडलं तर हृदय जातं, जास्त झालं तर केस जातात.

आणि दोन टोकांतलं अंतर फार नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेनं ठरवलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये ती २५५वर आणली, आणि ती ठरवताना जास्तीचं पहिलं लक्षण म्हणून धरलं केस गळणं. याला आधार होता एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा. कॅन्सर टाळता येतो का हे पाहायला हजारो पुरुषांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं गेलं होतं आणि त्यांच्यात केस जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

डॉ. बावस्करांनी दिलेल्या आकड्यावरून मी एक साधा हिशेब केला. किलोला १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला १४.५२ मायक्रोग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या तर सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम. कमाल मर्यादेच्या जवळजवळ अकरापट, रोज, दोन वेळच्या जेवणातून. शेगावात अनेकांचे केस नंतर परत उगवायला लागले, कारण मुळं मेली नव्हती. त्या दिवसांत ज्यानं जे तेल लावलं असेल, त्याची ख्याती आता गावात असणार. पण काही महिन्यांनी त्याच भागातून नखं निखळण्याच्या बातम्या आल्या. फोर्ट रँडलच्या घोड्यांचे खूर आठवा.

हे फक्त गव्हातूनच होतं असं नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवर लिहिलेल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम गेलं. २०१ लोक आजारी पडले आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळले. तब्येत सुधारावी म्हणून ते ती बाटली पीत होते.

आईचा प्रश्न

माझी आई चोपन्न वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिचा भांग रुंद झाला, दिव्याखाली बसली की टाळू दिसते. बायकांचे केस असेच जातात. कपाळावरची रेघ जागेवर राहते आणि मधूनच विरळ होत जातात. एरिक लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. पाळी थांबल्यावर हे अधिक जाणवतं. तिच्या भिशीतल्या एका बाईनं तिला बायोटिनच्या गमीजचं नाव सांगितलं होतं. मला फोन देत आई म्हणाली, “तू त सारंच वाचत राह्यतं. मले खरं खरं सांग, या गोळ्यायनं केस येतात का? येत असन त मागव, नाही त राहू दे.”

आईला थायरॉइड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, सहा महिन्यांनी टीएसएच तपासते. मला काळजी वाटली ती तिथं. रक्ताच्या अनेक तपासण्यांमध्ये यंत्र बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणाचा वापर करतं. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर यंत्र चुकीचं वाचू शकतं. अशा पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं आणि थायरॉइडचं संप्रेरक खोटं जास्त. डॉक्टरला वाटणार औषध जास्त होतंय, म्हणून ते गोळी कमी करणार. मग थायरॉइड खरंच कमी पडणार, आणि थायरॉइड कमी पडलं की केस गळतात. केसांसाठी घेतलेल्या गोळीनं केस गळायचं चक्र सुरू व्हायचं, तेही प्रत्येक रिपोर्ट यंत्रातून छापून येत असताना. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. हार्ट अटॅक ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीत असाच घोळ होऊन एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात होती.

गमीजच्या डबीवर यातला एक शब्दही नव्हता. ती अन्न म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. आपल्याकडे पूरकांसाठी एफएसएसएआयचे नियम आहेत. त्यांत घटक आणि प्रमाण यांची बंधनं आहेत, पण गोळीनं केस येतात हे औषधासारखं चाचणी करून सिद्ध करावं लागत नाही. उलट औषधांच्या नियमांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे. जे आजार बरे करण्याचा दावा औषधानं करू नये, अशा आजारांची. तिच्यात कॅन्सर, मोतिबिंदू यांच्या रांगेत टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणून डबीवरची वाक्यं एकदा शांतपणे वाचा. ‘केसांच्या आरोग्यास साहाय्यक’, ‘दाट केसांसाठी पोषण’. केस येतील असं तिथं सहसा लिहिलेलं नसतं. ते आपण मनात वाचतो.

मी आईला सांगितलं की आधी रक्त तपासू. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, बी-१२, डी. काही कमी निघालं तर तेवढंच भरून काढू, डॉक्टर सांगतील तितकं आणि तितकेच दिवस. काहीच कमी नसेल तर हे वयाचं आहे, आणि त्यावर गमीज काही करणार नाहीत. ज्यांच्या घरी आधीच अशा गोळ्या चालू आहेत त्यांनी रक्त द्यायला जाताना ते डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगावं. बायोटिन किती दिवस आधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतात. मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर आणि केसांची गोळी तिन्ही घेत असाल तर तिन्हींच्या लेबलवरच्या सेलेनियमची बेरीज करून पाहा. बेरीज करायला इंजिनियर लागत नाही.

आईच्या रिपोर्टमध्ये सगळं ठीक निघालं. तिला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. काही कमी निघालं असतं तर भरता आलं असतं, असं ती म्हणाली नाही, पण रिपोर्टची घडी घालताना तिच्या तोंडावर ते दिसत होतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मिनॉक्सिडिल लिहून दिलं. पहिले काही आठवडे केस जास्त गळतील, घाबरू नका, सहा महिन्यांनी या, गेलेले सगळे येणार नाहीत, आहेत ते बरेचसे टिकतील, असं स्पष्ट सांगितलं. आईला जाहिरातीपेक्षा ते बोलणं आवडलं. “लावून पाहतो सहा महिने,” ती म्हणाली, “नाही जमलं त पदर हायेच.” दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, मी तिच्या भांगाचा फोटो काढून ठेवतो. आत्तापर्यंत तीन झालेत. तिसऱ्यात केस किंचित कमीच दिसतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून घरात कुणी घाबरलेलं नाही.